टोपलीतला गहू

दिग्रसजवळचा तांडा
१९ ऑगस्ट २००६

ती. दादास, जय सेवालाल. सा. न. वि. वि.

आम्ही दोघी ठीक. वैष्णवीची ही लग्नाआधीची शेवटची तीज. नऊ दिवस पोरींनी गव्हाच्या टोपल्यांना पाणी घातलं. सगळ्यांच्या हिरव्या झाल्या, तिच्या टोपलीत नुसती माती राहिली. बायका बोलल्या, इच्या हाताले यश नाही. तेव्हापासून ती बियाण्याला हात लावत नाही, धड जेवत नाही. मला रडू येत नाही. काहीच येत नाही.

गहू वैष्णवीचे बाबा गेले त्याआधीच्या हंगामातला, पाच वर्षांचा. पुढे सारं वावर कपाशीखाली गेलं. मूठभर पाठवते. तू बियाणं तपासतोस, पाहून सांग. वहिनीस नमस्कार. आहे तो लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मानी

यवतमाळ
१ सप्टेंबर २००६

चि. मानीबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच! शंभर दाणे ओल्या कागदात आठ दिवस ठेवले. तू गोणपाटात करतेस तेच, मला फक्त त्याचा पगार मिळतो. चार उगवले, तेही वाकडे.

भाचीला सांग, कोरडं बी झोपलेलं असतं. पाणी लागलं की ते आधी आत प्रथिनं घडवतं, मग मोड काढतं. घडवायची सामग्री ते सोबत घेऊनच वाळतं. पत्र्याखालच्या डब्यात पाच उन्हाळे काढले की ती सामग्री तुटते. दाणा टंच दिसतो, पाणी पिऊन फुगतो, पण घडवत काही नाही. यात तिच्या हाताचा काय दोष? जेवायला लाव तिला. मामाची माया तिला पोचती कर.

हिरासिंग

तांडा
८ सप्टेंबर २००६

ती. दादास सा. न.

मला ठाऊक होतं. तिजेआधी मी गोणपाटात दाणे भिजवून पाहिले होते. शंभरात पाच. तरी तोच गहू दिला. लेकीच्या शेवटच्या टोपलीत बापाच्या हातचं काही असावं वाटलं. बायका तिला बोलल्या तेव्हा मी तिथंच उभी होते. गप्प राहिले. याची लाज वाटते.

परवा तांड्याच्या नायकाच्या अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं. वैष्णवीनं ऐकलं. घरी येऊन डबा उचलला, गहू निवडला, दळून आणला. पोळ्या तिनंच केल्या. जुनाट वास येत होता. माझ्याशी बोलली नाही, पण पहिली पोळी माझ्या ताटात वाढली.

हे वाचूनही बहीण म्हणशील, एवढंच मागते.

मानी