ऊना जागी होती

प्रिय सिगुरवेगताईस, तुझ्या धाकट्या आसब्योर्नचा नमस्कार.

तुझा गुडघा काय म्हणतोय? तुमच्याकडे उत्तरेत बर्फ खिडकीपर्यंत आलाय असं रेडिओवर ऐकलं. अंगण साफ करायला तू जाऊ नकोस, भाऊजींना जाऊ दे. तेवढंच त्यांचं पोट आत जाईल (हे त्यांना वाचून दाखवू नकोस). बाबांचा बॅरोमीटर सापडला का? नसेल तर मनाला लावून घेऊ नकोस. अकरा वर्षं झाली त्याला, आणि नुसत्या संशयावरून त्या रंगाऱ्याशी तू अजून बोलत नाहीस हे मला जरा ताणल्यासारखं वाटतं. वस्तू असतात कुठेतरी. आमच्याकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे आज आहे. मागच्या रविवारपर्यंत नव्हतं, आणि तेच सांगायला हे पत्र लिहितोय.

तुला ठाऊकच आहे, माझी लेक ऑगस्टपासून पुन्हा औषधांच्या दुकानात जाऊ लागली आणि बालवाडीत जागा मिळेपर्यंत राग्नाची ऊना दिवसभर आजोबाकडे, म्हणजे माझ्याकडे. ती सव्वादोन वर्षांची, मी अडुसष्टचा, पण आमचं चांगलं जमलं. बाराला उकडलेला मासा आणि बटाटा, मग लोकरीची टोपी, मोज्यांवर मोजे, आणि बाबागाडीत घालून बाहेर ओट्यावर. थंडीत, उघड्यावर, जशी लहानपणी तू झोपलीस आणि मी झोपलो तशी. दोन तास हूं की चूं नाही. माझी गुदलौग गेल्यापासून या घरात घड्याळाखेरीज कुणी बोलत नव्हतं. तिथे आता सकाळभर 'नको' आणि 'मीच' ऐकू येऊ लागलं, आणि खरं सांगतो ताई, मी माणसांत आलो.

नवं वर्ष लागलं आणि ही झोप कुठे गेली कोण जाणे. मी अंगाई म्हटली, तर तिनेही बरोबर म्हटली, आणि माझ्यापेक्षा सुरात. भरती-ओहोटीचं वेळापत्रक वाचून दाखवलं (चाळीस वर्षं बंदरात जहाजं आत आणली मी, त्या वेळापत्रकाने भलेभले खलाशी घोरायला लागलेले पाहिलेत) तर हिला पुढचं पान हवं. मग मोजा बाहेर फेकायचा. मी तो घालेपर्यंत दुसऱ्या पायातला जायचा. एका दुपारी सत्तावीस वेळा वाकलो आणि अठ्ठाविसाव्याला कंबरेने संप केला. तेव्हा म्हटलं, चला, गाडी ढकलत फिरू. आणि पाय आपसूक पोहण्याच्या तलावाकडे वळले. (आपसूक म्हणजे पिशवीत टॉवेल होता, ते सोड.)

आता तुला सांगायला नको, दुपारी एक वाजता गरम पाण्याच्या कुंडात बसल्याशिवाय माझा दिवस पुरा होत नाही. ऑगस्टपासून मी उपाशीच होतो म्हण. कोल्बेन तिथे गळ्यापर्यंत पाण्यात बसून देश चालवतो आणि त्याला खोडून काढायला माझ्याशिवाय कुणी नाही. कुंपणाबाहेर आडोशाला, तिकीटवाल्या बाईच्या खिडकीसमोर, जिथे सगळ्यांच्या बाबागाड्या उभ्या असतात तिथे आमची लावली. राग्नाने दोन यंत्रं दिली होती. एक बाळाजवळ ठेवायचं, एक आपल्याजवळ, बाळाने आवाज केला की आपल्याला ऐकू येतो. दोन्ही दिसायला सारखी, फक्त एकावर अस्वलाचं चित्र. अस्वल लेकराचं, हे कुणी सांगायला लागतं का? ते गाडीत ठेवलं, दुसरं प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुंडाच्या काठावर, माझ्या कानाशी. वीस मिनिटं झाली, पाऊण तास झाला, यंत्रातून चकार शब्द नाही. बाहेर आलो तर ऊना डोळे टक्क उघडे ठेवून पडलेली, गाल लाल, चेहरा हसरा. मला वाटलं, नुकतीच उठली.

असं पाच आठवडे चाललं. रोज एकला स्वतःच टोपी घेऊन दारात उभी राहायची. मी जुन्या सवयीने वहीत नोंद ठेवली, एक दहा ते दोन चाळीस, गाढ झोप, वारा ईशान्येचा. मात्र संध्याकाळी पाच वाजता पोर दह्याच्या वाटीत तोंड घालून झोपायची, आणि शनिवार-रविवारी राग्नाकडे दुपारी डोळ्याला डोळा लागायचा नाही. राग्ना म्हणे, हिची दुपारची झोप संपली असेल. मी म्हणे, माझ्याकडे तर लाकडासारखी पडते, तुझंच काहीतरी चुकत असणार. (हे वाक्य आठवलं की अजून कान गरम होतात.) शेवटी तिने हळूच सांगितलं की खरंच झोप संपली असेल तर दिवसभर हिच्यामागे धावणं माझ्या कंबरेला झेपायचं नाही. वरच्या आळीत एक बाई मुलं सांभाळते, तिच्याकडे एक मार्चपासून जागा आहे. मी म्हटलं, बघ बाई, तुझ्या सोयीने. त्या रात्री ताट तसंच झाकून ठेवलं. घड्याळ पुन्हा ऐकू येऊ लागलं होतं.

तेवढ्यात ऊना अख्खी वाक्यं बोलायला लागली. बटाटा वाढला की म्हणायची, "धूळफेक आहे सगळी." मोजा घालायला गेलो की मान हलवून, "तुला काय कळतंय, आसब्योर्न." मला कौतुक. राग्ना म्हणाली, हे कुठून शिकते? मी म्हटलं, पोर हुशार आहे, आपल्याच घराण्याची.

मागच्या रविवारी राग्नाचा वाढदिवस. कोल्बेन आणि त्याची बायको अल्मा कॉफीला आले होते. अल्माने दरवर्षीप्रमाणे तिच्या रुबार्बच्या आंबट देठांच्या मुरंब्याची बरणी आणली. ऊनाने बरणीकडे पाहिलं, कोल्बेनकडे पाहिलं, आणि त्याच्याच खर्जात म्हणाली, "मुरंबा सीगलना घालायचा. अल्मा बघत नाही तेव्हा."

कोल्बेनच्या घशात धिरडं अडकलं. अल्माने बरणीचं झाकण अगदी सावकाश बंद केलं. राग्नाने विचारलं, हे तुला कोणी सांगितलं गं? ऊना म्हणाली, "अस्वल सांगतं. गाडीत." आणि धावत जाऊन यंत्र घेऊन आली.

राग्नाने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "बाबा, अस्वल असतं ते ऐकायचं यंत्र. ते आपल्याजवळ ठेवायचं असतं."

समजलं ना ताई? चाळीस वर्षं मी वायरलेसवर जहाजांशी बोललो आणि बोलायचं यंत्र कोणतं, ऐकायचं कोणतं हे मला ओळखता आलं नाही. ऊनाच्या तोंडचं मला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि कुंडातला शब्दन्‌शब्द ती ऐकत होती. पाच आठवडे त्या पोरीने डोळा मिटला नाही. मासेमारीचा कोटा, मंत्र्यांची अक्कल, कोल्बेनची मूळव्याध, सगळं पाठ. कोण झोपेल गं?

मी खुर्चीत बसून निकालाची वाट पाहत होतो. राग्नाने आधी तिकीटवाल्या बाईचं विचारलं. मी म्हटलं, तिची नजर सतत होती. (सतत म्हणजे वाचता वाचता, पण होती.) मग तिने माझी वही उघडली, 'गाढ झोप, वारा ईशान्येचा' मोठ्याने वाचलं आणि हसत हसत टेबलावर डोकं टेकलं. डोळे पुसून वर पाहिलं तेव्हा म्हणाली, "झोप गेली तर जाऊ दे, बाबा. तू राहा."

एवढंच बोलली. मी कॉफी आणायच्या निमित्ताने आत गेलो आणि जरा वेळ लावला.

तर आता असं ठरलंय. वरच्या आळीच्या बाईला नाही म्हणून कळवलं. दुपारी झोपेचं नाव काढायचं नाही. एक वाजता ऊना दंडाला फुगे बांधून माझ्याबरोबर पाण्यात, उथळ कुंडात. कोल्बेनही तिथेच येतो, पण हल्ली तोंड उघडण्याआधी दोनदा तिच्याकडे बघतो. संध्याकाळी साडेसहाला पोर जी झोपते ती सकाळीच उठते. राग्ना दोन वर्षांनी गायनमंडळात जाऊन आली. माझी कंबर दुखते, पण तक्रार नाही. छातीवरचा धोंडा उतरलाय, आणि चार घास जास्त जातात.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला लोकरीचं फडकं बांधत जा.

तुझा,
आसब्योर्न

ता. क. अल्मा आता रोज सकाळी समोर बसून कोल्बेनला मुरंबा खायला लावते. सीगल अजून कुंपणावर येऊन बसतात.

ता. क. २. ईस्टरला आम्ही तिघं चार दिवस तुझ्याकडे येतोय. त्याआधी एक सांगायचंय, आणि हे पत्र खरं त्यासाठीच आहे. जानेवारीत कुंडात तुझा विषय निघाला आणि मी नको ते बोलून गेलो. ऊना तेव्हा जागी होती. तिने तुझ्या टेबलावर सांगण्यापेक्षा मीच सांगतो. बाबांचा बॅरोमीटर माझ्याकडे आहे. त्यांचं घर रिकामं करताना उचलला. तू त्यांचं घड्याळ घेतलं होतंस, म्हटलं फिट्टंफाट. दुसऱ्या दिवशी तू फोनवर रडलीस आणि माझा धीर सुटला. मग तुला रंगारी आठवला, आणि मी गप्प बसलो. त्याला माझ्या वतीने कॉफीला बोलाव.

ता. क. ३. अकरा वर्षं तो कपाटात रेनकोटांमागे होता. गेल्या सोमवारी स्वयंपाकघरात लावला, ऊनाच्या उंचीला. रोज सकाळी बोटाने टकटक करते आणि 'वादळ' म्हणते. अर्ध्या वेळा बरोबर निघतं, रेडिओपेक्षा बरं. तुझा त्याच्यावर हक्क आहे, मागितलास तर ईस्टरला घेऊन येतो. फक्त ते तिला तू सांग. दुपारी कधीही फोन कर, ती झोपलेली नसते.