ग्रंथालयाचं चूलबंद आवतन

ती. आप्पाराव मामांना नागेशचा इथूनच दंडवत. मामीचे गुडघे कसे हायेत, म्हैस लागली का, आपल्या झरी गावात हापसा दुरुस्त झाला का, ते कळवा. (फोन केला असता, पण तुमी स्पीकर लावता अन् सगळी गल्ली ऐकते.) मी इकडं खुशाल हाय, असं लिवायची रीत हाय म्हणून लिवलं.

इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी पुस्तकं पुसतो, ते तुमाला ठाऊकच हाय. लाखभर पुस्तकं, पंख्याखाली गार खुर्च्या, अन् पोरं न्हाईत. पहिल्या वर्षाची पोरं दारापोतर येतात, वाय-फाय घेतात अन् जातात. म्हणून ग्रंथपाल संघप्रिया मॅडमनी त्यांच्यासाठी कार्यक्रम ठेवला. कार्ड जागेवर मिळणार, पुस्तक कसं हुडकायचं ते शिकवणार. मला म्हणल्या, "नागेश, होस्टेलला घरच्या कार्यासारखं बोलावणं कर." मी तसंच केलं. हळदीचे तांदूळ खोली-खोलीत वाटले अन् आपल्याकडं सांगतात तसं सांगितलं, चूलबंद आवतन हाय. मनात एवढंच, की एकबी पोरगं मागं ऱ्हाऊ नये. पण मेसवाला बन्सीधर निघाला आपल्या मानवतचा. चूलबंद म्हणल्यावर घरात चूल पेटवायची न्हाई, सगळ्यांनी तिकडंच जेवायचं, हे त्याला पक्कं ठाऊक. त्यानं दुपारचा गॅस पेटवलाच न्हाई, अन् पोरांनाबी तसंच समजावलं.

साडेतीनशे पोरं आली. मॅडमचे डोळे भरून आले. मग त्यांना पोरांच्या हातातली ताटं दिसली. बन्सीधर मला म्हणतो, "पंगत कुठं बसवायलास?" मी म्हणलं, "पंगत न्हाई, पुस्तकं हायेत." तो म्हणला, "मग चुलीचं नाव कशाला घेतलास, लेका?" मॅडमनी बिस्किटं मागवली, ती दारातच संपली. अर्ध्या तासात ग्रंथालय पहिल्यासारखं रिकामं. मॅडम होस्टेलला माफी मागायला गेल्या.

एक पोरगी तेवढी थांबली. सविता, सोनपेठकडची, आईबाप ऊसतोडीला गेलेले. उपाशीपोटी म्हणली, "दादा, पिकांच्या रोगांचं पुस्तक कुठं हाय?" कपाटांवरच्या पाट्या इंग्रजीत. ती कपाटं मी दोन वर्षं रोज पुसायलोय. मला सांगता आलं न्हाई. ती तशीच गेली. (पुस्तक माझ्या पाठीमागच्याच कपाटात हुतं, मॅडमनी नंतर दाखवलं.)

मामा, माझं इथं मन लागत न्हाई. मीच काम सोडून हैदराबादला जावं म्हणतो. तुमी जिवाला लावून घेऊ नका. थोरांना दंडवत, ल्हानग्यांचे लाड.

तुमचा भाचा,
नागेश

ता.क. हैदराबादचं खरं न्हाई. त्या पंगतीची चौकशी लागली, कागदं मागितली, अन् नोकरीच्या अर्जात दहावी पास लिवलेलं खोटं निघालं. (तुमीच लिवायला सांगितलं हुतं.) मॅडम म्हणल्या, "सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून दहावीला बस, तोवर मी वर सांगून बघते." महिनाअखेर फॉर्म भरल्याचा कागद न्हाई दिला तर काम गेलं. त्या फॉर्मला जोडायला शाळेतून माझा सातवीचा दाखला काढून धाडा.

आणिक एक. दाखला कशाला, असं हेडमास्तरनी विचारलं तर लग्न जमलंय म्हणा. शिकायचंय म्हणलं तर देणार न्हाईत, हसत बसतील.