जिन्यातलं गवत

१४ मार्च, गुरुवार
झुलेखाला जाऊन चाळीस दिवस झाले, चाळिसावा झाला. लोकांचं येणं थांबलं. मी बरा आहे.
नसीमाला फोनवर तेच सांगितलं. मुलीचं आपलं एकच: तिथे ब्लिदात एकटे काय करणार, ओरानला आमच्याकडे या. म्हटलं, घर तुझ्या आईच्या वेळी चालायचं तसंच चाललंय, मोठ्या ईदला ये आणि बघ. अंगणात तेरडा फुललेला असला तर ओरानचा विषय बंद. हे तिच्याकडून कबूल करून घेतलं.
तेरड्याला सावली चालते आणि आमच्या अंगणात सावलीशिवाय दुसरं काही नाही. झुलेखाला दरवर्षी जमायचं. मी तर जन्मभर पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढले. तिनं धरलेलं बी कॉफीच्या डब्यात आहे. अर्धं पेरलं. कुंड्या भिंतीशी, फरशीवर, एका रेषेत.

२१ मार्च, गुरुवार
अंगण धुतलं. गुरुवारी ती धुवायची म्हणून मीही धुतो. बादलीत पाणी, त्यात जावेल म्हणजे ब्लीच, मग दारातून जोरात फेकायचं आणि खराट्यानं मोरीकडे लोटायचं. सगळं तसंच केलं. वास मात्र तिच्यासारखा आला नाही. पुढच्या वेळी जावेल दुप्पट.
एक सुधारणा झाली आहे. तिच्या वेळी गुरुवारी कुंड्या जिन्यात असायच्या, वर जाताना पाय कुठे ठेवावा कळत नसे. कितीदा बोललो. आता जिना मोकळा.

३० मार्च
बी उगवलं. एकूण अवघड नाही. रोज्यांमुळे अंगात ताकद नाही, नाहीतर सावलीचा नकाशाही काढला असता.

५ एप्रिल
रोपं पिवळी पडली. बी जुनं असावं, किंवा चिमण्या.
जिन्याच्या फटींत गवत उगवलं आहे. उपटलं. गवताला जोम असतो, बियांना नाही.

१३ एप्रिल
छोटी ईद झाली. शेजारच्या लल्ला बाहियानं मक्रूद पाठवले. झुलेखा करायची त्याहून गोड. दोनच खाल्ले. नंतर उरलेले खाल्ले.
रोपं गेली. सावलीचा नकाशा काढला. दोष सावलीत आहे: पूर्वेची भिंत दाट सावली देते, पश्चिमेची पातळ. कुंड्या पश्चिमेला हलवल्या, उरलेलं बी पेरलं. डबा रिकामा झाला. काळजीचं कारण नाही, नकाशा बरोबर आहे.

२५ एप्रिल, गुरुवार
अर्धी बाटली जावेल ओतलं. तपकिरी पँटवर पांढरे ठिपके पडले. वास बराच जवळ आला आहे. मोरीपाशी थोडा वेळ बसलो.
लल्ला बाहिया गच्चीवरून मला म्हणाली की सी लखदर, तुमच्या अंगणापेक्षा इस्पितळात कमी वास येतो. तिच्याकडून स्वच्छतेचं कौतुक म्हणजे मोठी गोष्ट.

३ मे
दुसरी रोपंही पिवळी. गोगलगाय असणार. दिसली नाही, पण गोगलगाय दिवसा दिसत नाहीच.
जिन्यातलं गवत पुन्हा उपटलं. देठ जाड आणि रसाळ, पानं कातरलेली. असलं गवत पूर्वी नव्हतं. की मी पाहिलं नव्हतं.

११ मे
एकही उरलं नाही. नसीमाचा फोन. फुलं कशी आहेत विचारलं. येतायत, म्हणालो. रंग विचारला. गुलाबी, म्हणालो. तिला आनंद झाला, त्यामुळे ते खोटं धरता येणार नाही.

१८ मे
बाजारातून फुललेले बेगोनिया आणले आणि तेरड्याच्या कुंड्यांत लावले. रंग गुलाबीच आहे.

३१ मे
बेगोनिया गेले. विकणारा लबाड. जिन्यातलं गवत उपटलं. वरच्या पायरीशी पोचेपर्यंत गुडघा वाकेना. तिथलं राहू दे.

१२ जून
नसीमा आली. रिकाम्या कुंड्या पाहिल्या. यंदाची हवा, चिमण्या, गोगलगाय, बाजार, सगळं तिला नीट समजावलं. ती मधेच उठून कॉफी करायला गेली.

१३ जून, गुरुवार
ईदच्या आधीची साफसफाई. नसीमा लवकर उठली. बादली भरायच्या आधी तिनं मातीनं भरलेल्या कुंड्या एकेक उचलून जिन्यात ठेवल्या. मी म्हटलं, रिकाम्या कुंड्यांना कशाला हलवतेस.
ती म्हणाली, "सवय. जावेलचं पाणी खालच्या भोकातून कुंडीत शिरतं ना, बाबा. आई म्हणूनच दर गुरुवारी वर न्यायची. तुम्ही दर वेळी त्यांना वळसा घालून उतरायचात आणि ओरडायचात."
जावेल तिनं एक झाकणभरच घातलं. फरशी वाळल्यावर घरात वास आला. तोच.
मी आत जाऊन बसलो. उकाडा होता.

दुपारी
ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि वरूनच तिनं हाक मारली. वरच्या पायरीवर तेरडा उभा होता, कळ्यांसकट. कुंड्या जिन्यात असताना बोंडं तडकून बी फटींत पडायचं, आई दर वर्षी तिथलीच रोपं काढून कुंडीत लावायची, असं तिनं सांगितलं. मग विचारलं, बाकीची कुठे आहेत.
मी म्हणालो, गवत होतं.
ती हसली नाही, हे बरं केलं.

१८ जून
ईद पार पडली. कळी उमलली. पांढरी आहे. नसीमाला गुलाबी सांगितलं होतं, तिनं त्याची आठवण करून दिली नाही. ओरानचाही विषय तिनं काढला नाही. शेवटी मीच काढला. म्हणालो, येतो, पण याचं बी धरल्यावर.
ती म्हणाली, "आमच्या बाल्कनीत ऊन येत नाही हं, बाबा. सांगून ठेवते."
म्हटलं, चालेल.

२० जून, गुरुवार
नसीमा गेली. कुंड्या जिन्यात ठेवल्या. सगळ्या रिकाम्या. अंगण धुतलं, जावेल एक झाकण.
वर जाताना पाय ठेवायला जागा नाही.