पाण्यातले चौकोन

४ जून, सकाळ
नवा टीव्ही भिंतीवर चढला. पंचावन्न इंची. आजपासून संकल्प: घाणेरडं चित्र बघणार नाही. घरात कोणाला बघूही देणार नाही.

४ जून, संध्याकाळ
शी! बातम्या देणाऱ्या बाईमागचा निळा पडदा पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. फुटबॉलचं मैदान म्हणजे मोरीतलं शेवाळ. हिला दाखवलं. ही म्हणाली, छान तर दिसतंय. गाढवाला गुळाची चव काय! (मनात म्हणालो.)

६ जून
केबलवाल्याला बोलावलं. त्याने खिशातल्या रुमालाने स्क्रीन पुसली आणि म्हणाला, काका, आता बघा. तो रुमाल! किळस आली. त्याला समजावलं, की एचडी ही नुसती बाहेरची पाटी. आत चित्र दाबून, पिळून पाठवतात. जेवढं हललं तेवढंच पाठवायचं, बाकी मागच्या चित्रावर भागवायचं. दाबायची पद्धत जुनी एमपेग-टू असो की नवी एच.२६४, वाहिनीने बिटरेटमध्ये, म्हणजे सेकंदाला पाठवायच्या माहितीत, चोरी केली की चित्रात चौकोन उठणारच. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि रिचार्ज संपत आल्याचं सांगितलं.

९ जून
रविवारी कन्येची फायनल. दोनशे मीटर बटरफ्लाय, एचडीवर थेट प्रक्षेपण. तिने विचारलं, बाबा, या वेळी तरी येशील ना? दोन वर्षांत मी एकाही स्पर्धेला गेलो नाही म्हणे. असेल. पण तिथे जाऊन करायचं काय? क्लोरीनचा भपकारा, ओली बाकडी, कोणाचे तरी पाय पाठीत, आणि पोहणारा माणूस मुंगीएवढा. शी. तिला म्हटलं, घरी बसून तुझा श्वाससुद्धा दिसेल मला. शिवाय जन्मभर जपावं असं रेकॉर्डिंग करीन. ती बरं म्हणाली आणि खोलीत गेली. लगेच पटलं तिला. माझ्यावर गेलीय.

१० जून
पोहण्याच्या जुन्या स्पर्धा अभ्यासल्या. ते पाणी बघून ओकारी येईल. बातम्या वाचणारा हलत नाही, म्हणून त्याचा टाय चकाचक. पाणी सगळंच्या सगळं हलतं. तिथे कंप्रेशनचं बिंग फुटतं. एक हात मारला की अख्खी लेन चौकोनचौकोन. ठरलं: माझं रेकॉर्डिंग अजिबात दाबायचं नाही. शून्य कंप्रेशन.

१२ जून
हिला घेऊन दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, साहेब, येणारं चित्रच दाबलेलं असतं, ते न दाबता साठवून काय मिळणार? शिळं अन्न चांदीच्या ताटात वाढलं म्हणून ताजं होतं का? शिवाय न दाबलेलं चित्र डिस्क खाऊन टाकतं म्हणे. उंटावरचा शहाणा! सगळ्यात मोठी डिस्क घेतली. हिने ताटाचं वाक्य त्याला पुन्हा म्हणायला लावलं.

१४ जून, रविवार, सकाळी ८.५५
मायलेकी साडेसातलाच गेल्या. फायनल अकरा वाजून दहा मिनिटांनी. रेकॉर्डिंग आत्ताच सुरू केलं. ऐनवेळी धांदल नको. बेशिस्त लोकांचं तसंच होतं.

११.०५
समालोचकाचा आवाज बंद केला. त्याच्या बडबडीलाही बिट्स लागतात. स्टूल स्क्रीनला टेकवून बसलोय. सगळ्यात वेगवान पोरी मधल्या लेनमध्ये असतात, तेव्हा आमची चौथ्यात.

११.१५
संपलं. किळसवाणं! चौथ्या लेनमध्ये दुसऱ्या वळणाला बावीस चौकोन मोजले, तिसऱ्याला एकतीस. चेहरा म्हणजे चिखल. पोरगी शेवटून दुसरी. बिचारी. वाहिनीला खरमरीत पत्र लिहिणार.

दुपारी २
कन्येला फोन केला. धीर दिला. म्हटलं, हारजीत चालायचीच. तिसऱ्या वळणाला तुझे पाय ढिले पडले, पण त्या चौकोनांत नीट कळलं नाही. ती म्हणाली, बाबा, मी सहाव्या लेनमध्ये होते. पहिली आले.
मी म्हटलं, बघ! म्हणजे चित्र किती वाईट असेल.
तिने फोन आईकडे दिला. आईने ठेवून दिला.

दुपारी ४
काही बिघडलेलं नाही. रेकॉर्डिंग आहे. त्या यायच्या आत शर्यत नीट बघायची, वळणन्‌वळण पाठ करायचं आणि दारातच सांगायला लागायचं.

४.४०
डिस्क भरल्यामुळे रेकॉर्डिंग ११.०९ ला थांबलंय. शर्यत नाही.
शेवटची काही सेकंदं आहेत. पोरी आपापल्या लेनपाशी उभ्या. सहाव्या लेनपाशी आमची. कॅमेरा तिच्यावर येतो. ती गॉगल वर सरकवते, सरळ कॅमेऱ्यात बघते आणि हात हलवते. घरच्या माणसाला हलवतात तसा. चित्र अगदी स्वच्छ. एक चौकोन नाही.
त्या वेळी मी मान खाली घालून रिमोटवर शार्पनेसचं बटण शोधत होतो.