पत्रिकेवरचा तुझा चेहरा

माय, तुझ्या नातीचं लग्न ठरलंय आणि पत्रिकेवर तुझा फोटो गेला आहे. हे कळवायला तुझा पत्ता नाही, तरी लिहायला बसले. बुधवारा पेठेतलं माझं दुकान तू पाहिलं नाहीस. एक कॉम्प्युटर, स्कॅनर, प्रिंटर, आणि दिवसभर लग्नाच्या पत्रिका, कुणी गेल्यावरच्या गंधमुक्तीची कार्डं, वकिलांचे अर्ज. आपल्याकडे पत्रिकेच्या वरच्या कोपऱ्यात घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो लागतातच, त्यामुळे शहरातले निम्मे गेलेले माझ्या हातून गेले, असं मी गमतीनं म्हणते.

लोक फोटो कसे आणतात, ऐक. भिंतीवरच्या फ्रेमचाच मोबाईलनं फोटो काढतात, हारासकट, काचेत ट्यूबलाइट आणि काढणाऱ्याचं स्वतःचं पोट. मग तो घरच्या ग्रुपवर फिरत फिरत येतो आणि दर फेरीत थोडा झिजतो. वर मला म्हणतात, "दीदी, जरा क्लिअर करून द्या ना." मग मी तोंड सोडते. फ्रेममधून मूळ फोटो काढून आणा, मी स्कॅन करते; पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मोबाईल त्याला दाबून लहान करणार नाही. पत्रिकेच्या फाईलमध्येही मी कॉपी-पेस्ट करत नाही, मूळ फाईलच आत घेते, आणि सेव्ह करताना चित्रं आपोआप दाबली जातात ती सेटिंग आधी बंद करते. आणि इवलासा फोटो कोपऱ्याला धरून ओढत मोठा तर कधीच करत नाही, सगळा चेहरा विस्कटतो.

ओढण्यावरून तू आठवतेस. चुलीवर पालथं खापर तापलंय, तू पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर फिरवते आहेस, आणि मी हट्टानं एक उंडा उचलून दोन्हीकडून ताणते. तो फाटतो, पुरण माझ्या फ्रॉकवर. "ओढू नको वं पोरी! कणकीत जितकं आहे तितकंच लांबंल," तू ओरडतेस. मग तोच फाटका मांडा भाजून सगळ्यांच्या आधी मला वाढतेस, वर भरपूर तूप. तुझे हात मला स्पष्ट दिसतात, कोपरापर्यंत पीठ लागलेले. त्याच्या वर काही दिसत नाही.

तुझा फोटो एकच आहे. चांदनी गावातल्या एका लग्नातला, बायकांच्या घोळक्यात तू मागच्या रांगेत. तो निघाला त्याच क्षणी मी मांडवाच्या खांबावर आपटून रडायला लागले, असं मावशी सांगते, आणि तू माझ्याकडे मान वळवलीस. म्हणून बाकी सगळ्या जणी स्वच्छ आणि तुझा चेहरा तेवढा पुसट. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस. चेहरा म्हणून माझ्याजवळ तो पुसट डागच राहिला. तो फोटो मी स्कॅनरवर जितका बारीक घेता येतो तितका घेतला, होतं नव्हतं ते सगळं जपलं. पण कागदावर जे उतरलंच नाही ते कुठून आणणार? नाकाची सावली, कुंकवाचा ठिपका, एवढंच. पत्रिकेच्या कोपऱ्यात तो बसवला तेव्हा मला तू दिसलीस. दुसऱ्या कुणाला दिसली नाहीस.

"मम्मी, यात तर कोणी ओळखूच नाही येऊ राह्यलं," तुझी नात म्हणाली. तिनं तो मोबाईलच्या कुठल्याशा ॲपमध्ये टाकला. "देख, किती क्लिअर झाली आजी!" खरंच, डोळे टवटवीत, ओठ रेखीव, पापण्यासुद्धा वेगळ्या दिसत होत्या. पण ती बाई सरळ समोर पाहत होती. ते डोळे यंत्रानं कुठल्या तरी अनोळखी माणसांच्या डोळ्यांवरून बनवलेले, हे मला धंद्यामुळे माहीत. मी म्हणाले, "ही माय नाही." पोरगी हिरमुसली. धूलकोटची मावशी लग्नाच्या तयारीला आलेली होती. तुला नीट पाहिलेली आता ती एकटीच उरली आहे. तिनं मोबाईल डोळ्यांजवळ धरला आणि तिला हुंदका फुटला. "माही ताईच व्हय ही! कित्ती वर्सांनी दिसली वं!" तिच्या मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांचं ऐकायचं, की मला मुळातच न आठवणाऱ्या चेहऱ्याची बाजू घ्यायची? कशाच्या जोरावर मी तिला खोटं पाडणार होते? मला तुझाच राग आला, माय. मांडवात रडणाऱ्या तुझ्या पोरीला क्षणभर रडू द्यायचं होतंस.

शेवटी पत्रिकेत ॲपमधला तोच चेहरा गेला. मीच बसवला, आणि सवयीनं तोही जपूनच बसवला, एक ठिपका हरवू दिला नाही. पत्रिका वाटून झाल्या. लोक फोन करून सांगतात, मुलगी अगदी आजीवर गेली आहे.

हे दुकानातल्याच कॉम्प्युटरवर टाइप करते आहे, प्रिंट काढणार नाही. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही. आज सकाळी पोरीच्या साड्यांच्या घड्या घालताना तुझी फार आठवण आली, म्हणून डोळे मिटले. समोर आली ती दुसरीच. पुसट तुला मी खूप शोधलं, तू आलीच नाहीस. ती मात्र माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि मी तिलाच माय म्हणून हाक मारली.