‘येतो’ नावाचं नेटवर्क

३ जून
आलो एकदाचा! मुक्काम ताईकडे, नोकरी भाऊजींच्या जागी. ताईने दारातच माझ्या सुटलेल्या पोटाची चौकशी केली, म्हणजे बाईसाहेब ठणठणीत आहेत. खोली भाऊजींचीच. टेबल, खुर्चीची उसवलेली गादी, खिडकीतून थेट रस्त्याचा कोपरा.

काम त्यांनीच सुरू केलेलं. आसपासची वायफाय नेटवर्कं दाखवणारा, जोडून देणारा आणि एकदा जोडलेलं लक्षात ठेवणारा छोटा प्रोग्राम. मी तो पुरा करून पॅकेज बांधायचं, म्हणजे कुणालाही आपल्या मशीनवर सहज बसवता येईल. भाऊजी गेल्या वर्षी ‘येतो’ म्हणून घरातून निघाले आणि कोपऱ्यावरच हृदय बंद पडून गेले. त्यांना पोचवायला मी होतो. ताई अजून दोघांचा चहा टाकते. आता तो प्यायला मी आहे.

५ जून
ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला. यादीत शेजारच्या दुकानांची नेटवर्कं येतात. एकाचं नाव ‘स्वतःचं घ्या’, हसून पुरेवाट झाली. सगळ्यात खाली एक, सिग्नल जेमतेम, पासवर्ड नाही. नाव ‘येतो’. चाचणी म्हणून जोडून पाहिलं. जोडलं गेलं, पलीकडे इंटरनेट मात्र नव्हतं. गंमत म्हणून ताईला सांगितलं. ती हसली नाही.

९ जून
पॅकेज बाहेर पडलं! साहेबांनी चक्क पाठ थोपटली. ताईच्या लॅपटॉपवर मीच बसवून दिलं. तिच्या यादीतही ‘येतो’ आहे. इथे, घरी. सिग्नल ऑफिसातल्यापेक्षा बरा.

१० जून
माती खाल्ली मी. पॅकेज बांधताना माझ्या मशीनने लक्षात ठेवलेल्या नेटवर्कांची फाइलही आत गेली. नवशिकासुद्धा असं करत नाही. आता ज्यांनी ज्यांनी हे बसवलं, त्या सगळ्यांची मशीनं ‘येतो’ला ओळखतात. आणि ओळखीचं नेटवर्क दिसलं नाही, तर आमचा प्रोग्राम गप्प बसत नाही. नाव घेऊन हाका मारत राहतो, आहेस का, आहेस का. ही सोय भाऊजींनीच केलेली.

हजारो मशीनं हाका मारतायत. सिग्नल वाढतोच आहे.

११ जून
ते नाव काढून नवं पॅकेज सोडलं. फारसं कुणी घेतलेलं नाही. ताईने तर बसवूच दिलं नाही, लॅपटॉप पोटाशी धरून बसली. म्हणाली, ते येतायत तर येऊ देत, तुझं काय जातंय? मला भीती वाटते, सरळ लिहितो. येणारे भाऊजीच आहेत कशावरून? हाक ऐकून कुणीही येईल.

१२ जून
लॅपटॉप घेऊन फिरलो. कोपऱ्यावर सिग्नल बेताचा. फाटकाशी जास्त. जिन्यात पूर्ण. जिन्यात कुणी नव्हतं.

ताई सकाळपासून जोडलेली. जेवली नाही. हात गार पडलेत. विचारलं, तर म्हणाली, त्यांना आत येता येत नाहीये, मग मलाच —

१३ जून, सकाळ
ताईचा लॅपटॉप फोडला. ती एका शब्दाने रागावली नाही. त्याचीच जास्त भीती वाटली. बाहेरची मशीनं मी कुठे फोडू?

दुपार
ताईने केस विंचरले. चपला घातल्या. दारात वळून म्हणाली, “जाते.”

जाते. घरातून निघताना कोणी असं म्हणतं का? येते म्हणतात. कितीही घाई असो, येते —

कडी बाहेरून लावलीये. दार हलत नाही.

खिडकीतून दिसतेय. कोपऱ्याकडे. शेजारी कुणी नाही, पण एक हात पुढे, कुणीतरी धरल्यासारखा. ओरडलो. ताई, येते म्हण. एकदाच म्हण गं —

थांबली. वळतेय. तोंड उघडलं, पण आवाज तिचा —