खोकल्याचा भाव

श्रीवर्धन, चैत्र शु. ११, शके १८५३

एकादशी. बापूसाहेब आले. साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतली आणि घराला दोन हजार सांगितले. दुसऱ्यांदा वाढून झाल्यावर सांगितले, आधी नाही. मुत्सद्दी माणूस. (यापुढे नुसते बा. पूर्ण नावावर शाई कोण घालवील.) मूळचे म्हसळ्याचे, मुंबईस जन्मभर कारकुनी करून पेन्शनीवर आलेले. समुद्राकाठी घर आणि मागे सुपारीची वाडी असावी ही हौस. हौस दोन हजारांची.

मला अडीच हजार हवेत, आणि हौसेने नव्हे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कार्तिकात सौ.ला तपासून स्वच्छ सांगितले की या ओल्या हवेत आणखी एक पावसाळा नको, दमा जिवावर बेतेल. वाईस तिच्या भावाने कोरड्या हवेतले घर पाहून ठेवले आहे, त्याची किंमत तेवढी. ज्येष्ठात आगबोट बंद होते. मग पाऊस सरेपर्यंत तिला घेऊन घाटातून गाडीने जाणे म्हणजे... असो. घर त्याआधी गेले पाहिजे.

विचार करून सांगतो म्हटले. "करा की. मला कुठं घाई आहे?" मला आहे, हे अजून त्यांना ठाऊक नाही.

चैत्र व. २

तळा गावचे एक गृहस्थ घर बघून गेले. विहिरीचे पाणी पिऊन पाहिले, वाडीत हिंडले, माडाखाली उभे राहून मोठमोठे श्वास घेतले. अडीच हजारांना ना म्हणाले नाहीत. ओटीवर पान लावून दिले, तोच आत सौ.ला उबळ आली. थांबेना. गृहस्थ विडा हातात धरून ऐकत राहिले.

"घरात कुणाला बरं नाही का?"

"कुटुंबाला दमा आहे."

"इथल्या हवेनं?"

अशा प्रसंगासाठी एक सुंदर खोटे वाक्य मी घडवून ठेवले होते, कर्ता कर्म क्रियापद जागच्या जागी. तोंडातून निघाले, "हो." त्यांना स्वतःच्या छातीसाठीच समुद्राची हवा हवी होती. विडा तबकात ठेवून गेले.

सौ.: "खरं बोलायला आजचाच मुहूर्त सापडला?"

चैत्र व. ८

तळ्याचा रस्ता म्हसळ्यावरून जातो, आणि म्हसळ्यात बा.चे कान असतात. आज हजर. हातात चार डाळिंबे. "वहिनींसाठी." ओटीवरचा बाक स्वतः उचलून माजघराच्या दाराशी नेला. वारा तिकडे बरा लागतो म्हणे. वारा समुद्राकडून येतो, माजघरातून नाही, हे पेन्शनरास कोण सांगणार.

बोलता बोलता मधेच थांबतात. मान किंचित कलती करतात. आत खोकला झाला की बोटाने गुडघ्यावर हळूच ठेका धरतात. मग आषाढात गेलेल्या आपल्या एकेका ओळखीच्या दमेकऱ्याची हकीकत सांगतात, हळहळून. मांजर बिळाशी बसते तेव्हा निदान उंदरासाठी डाळिंबे आणीत नाही.

जाताना म्हणाले, "दोन हजार आहेत हो माझे अजून. तूर्त."

डाळिंबे गाईला घातली. सौ. रागावली, एक तरी ठेवायचे होते.

चैत्र व. ११

हरिहरेश्वराच्या वाटेवर यात्रेकरूंना पाणी मिळत नाही यावर वर्तमानपत्राला दोन पाने लिहून पाठविली होती. संपादकांनी छापले: "सुपारीचा भाव उतरला. — आमचे श्रीवर्धनचे वार्ताहर." सुपारीबद्दल मी अक्षर लिहिले नव्हते. खरे निघाले मात्र. बा. वर्तमानपत्र घेऊनच येतील आता.

वैशाख शु. १

वर्तमानपत्र घेऊन आले. "तुम्हीच लिहिलंत, आता वाडीचे किती धरायचे?" सुपारीवर दोन घटका बसले. आत चिडीचूप. बा.नी तीनदा मान कलती केली, काही नाही. शेवटी कंटाळून निघाले. चेहरा असा की पंगतीत जिलबी आपल्यापाशी येऊन संपली.

मी खुषीत आत गेलो. सौ. चुलीमागे भिंतीला टेकून बसलेली. पदराचा बोळा तोंडात. डोळे बाहेर आलेले, तोंड जांभळे. खुणेने विचारले, गेला? बा. अंगणाचे बेडे ढकलून बाहेर पडून गल्लीच्या वळणापलीकडे जाईतो तिने बोळा काढला नाही. मग जी उबळ सुटली ती दिवेलागणीपर्यंत. मी पाठ चोळीत बसलो. एवढा मोठा संस्कृतचा पंडित, पाठ चोळण्यापलीकडे उपयोग नाही.

म्हटले, दोन हजाराला देऊन टाकू.

"आणि वाईला काय माझ्या भावाच्या पडवीत राहायचं?"

तर मग तू पुढे हो, मी मागून घर विकून येतो.

"मी गेले की त्याला कळलंच आपण अडलोय. आणि तुम्ही एकटे त्याच्याशी बोलणार? संस्कृतात?"

वैशाख शु. ६

सौ.ची युक्ती: घर शाकारायचे. म्हणजे दरसालप्रमाणे सगळी कौले उतरवायची, झाडायची, फुटकी बदलून परत बसवायची. ज्याला घर विकायचे तो हा खर्च करीत नाही, हे शेंबडे पोरही जाणते. तेव्हा बा. समजतील की हे लोक पावसाळा इथेच काढणार. घाबरतील. वाढवतील.

"आणि धूळ?" मी विचारले.

"मी चार दिवस आळीच्या टोकाला गोदूताईंकडं राहीन."

तिची बुद्धी पाहून थक्क झालो. अशा बाईला कारभार करायला संस्थान हवे होते, मिळालो मी.

वैशाख शु. ९

वाईट दिवस.

धोंडू आपली माणसे घेऊन पहाटेच आला. म्हसळ्याकडचा कुळवाडी, दर वैशाखात आमचे छप्पर तोच करतो. छपरावरून ओरडून विचारतो, "अण्णा, घर इकताय म्हनून आयकलं व्हतं. न्हाय का इकत?"

"नाही रे."

"मंग बरं हाय. आमची मजुरी ऱ्हायली." आणि माणसे हसली.

वर्षाचे शेवाळ, काजळी, उंदरांच्या लेंड्या, सगळे खाली. घरात धुके पडल्यासारखे. दुपारी बा. आलेच. उघडे वासे बघून ओटीखालीच उभे राहिले. "हे काय चालवलंय?" मी म्हटले, पावसाळा जवळ आला. त्यांचे तोंड पाहण्यासारखे झाले होते, मी पाहतही होतो, एवढ्यात मागल्या दाराने सौ. आत. गोदूताईंकडून! बा. आल्याचे कळले म्हणून. मी काहीतरी कबूल करून बसेन म्हणून.

त्या धुळीत ती माजघरात उभी राहिली आणि चहाचे दोन पेले स्वतः घेऊन बाहेर आली. हसत. "बापूसाहेब, बसा की. धूळ आहे थोडी, पण आता बारा महिने काळजी नको." एका दमात बोलली. दुसरा दम नव्हताच. मला दिसत होते. बा.नी चहा सावकाश घेतला. बशीत ओतून, फुंकर मारमारून. माणूस एवढा सावकाश चहा पिऊ शकतो याची मला किळस आली. पेला खेचून घ्यावा असे वाटले. घेतला नाही. मीही माझा चहा पीत बसलो.

ते गेले आणि ती ओटीवरच पडली. धोंडूच्या माणसांनी बाज विहिरीपाशी नेली. डॉक्टरांनी सुई दिली. मला म्हणाले, "घर शाकारायला काढलंत? या अवस्थेत? शिकलेली माणसं तुम्ही."

त्यांची पेटी उचलून बेड्यापर्यंत पोचवली.

वैशाख शु. १०

सौ. उठून बसली. बा.चा निरोप: सव्वादोन. सौ. बोलू शकत नाही. तळहात हलवून सांगितले: नाही.

वैशाख व. ५

कौले बसली. घर नवे दिसते. रात्र सौ. उशीवर डोके टेकून बसूनच काढते. वाईच्या घराचा मालक ज्येष्ठाखेरपर्यंत थांबेन म्हणतो.

दुसरे गिऱ्हाईक नाही. तळ्याच्या गृहस्थांनी सर्वांना सांगितलेले दिसते की या घराची हवा वाईट. मीच "हो" म्हटले होते.

ज्येष्ठ शु. ५

बा. चोवीसशे म्हणतात. परवा-तेरवा रोख रक्कम आणि कागद तयार ठेवून येतो, हे शेवटचे. धाप लागतेय त्यांनाही, हे ऐकून बरे वाटले.

मी म्हटले, घेऊ. शंभर कमी तर कमी.

"शंभरांसाठी भावापुढं हात पसरायचा?"

अगं, तुला श्वास घेता येत नाही!

"जीव माझा आहे. भाव मी ठरवीन." एवढे बोलायला तिला चारदा थांबावे लागले. मग म्हणाली, "नवमीला शेवटची आगबोट. तो अष्टमीला येईल बघा. त्यालाही घर हवंय. आदल्या दिवशी वाढवील."

"आणि नाही वाढवले तर?"

तिने उशीवर डोके टेकले. श्वास संपला होता, की उत्तर?

बा. बाहेर कान देऊन तिच्या श्वासाची किंमत कमी करतात. ती आत श्वास कोंडून ती वाढवते. आणि मी दोघांमध्ये निरोप्यासारखा हिंडतो, वर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवतो. कोणाचा वीट जास्त यावा?

ज्येष्ठ शु. ७

ट्रंका बाजेखाली भरून ठेवल्या आहेत. ओटीवरून दिसू नयेत म्हणून गोधडी टाकली आहे. बंदरावर विचारून आलो, समुद्र चढू लागला आहे, नवमीची आगबोट लागेल पण पडाव हलणार. तिला पडावातून आगबोटीवर चढवायचे. कोण जाणे.

आज दोनदा तिचे ओठ काळे पडले. डॉक्टर म्हणतात, अजून इथेच? मी म्हटले, परवा जातो. मला माहीत नाही मी खरे बोललो की खोटे.

ज्येष्ठ शु. ८, सकाळ

सौ.चा अंदाज खरा. बा. आज येतायत, निरोप आला. रकमेबद्दल एक शब्द नाही.

तिने मला पढवले आहे: अडीच मागायचे. ते उठले तर उठू द्यायचे. अगदी बेड्याला हात लावीपर्यंत हाक मारायची नाही. "कबूल?" मी "हूं" म्हटले. आमच्या संसारात या "हूं"चा अर्थ आजवर तिनेच लावला आहे. आज मला लावायचा आहे.

पहाटेपासून तिचा खोकला चालू होता, मी दुसऱ्या खोलीत लिहिताना ऐकत होतो. आता गल्लीत बा.चा जोडा वाजला. आणि आत एकदम शांत झाले. बरे वाटते म्हणून, की जोडा ऐकला म्हणून, कळत नाही. बा. हाका मारतायत. मारू देत. आधी आत जातो.